नाव ठेवताना

पुणे,
१२ डिसेंबर

प्रिय विज्या,

तुझं पत्र मिळालं. 'चाणक्य' सुचवल्याबद्दल आभार, पण ती कुत्री आहे रे. आणि कुत्रा असता, तरी रात्री साडेदहाला कोथरूडच्या गल्लीत उभं राहून "चाणक्य, सोड ती चप्पल!" असं मी ओरडलो नसतो.

खरी परीक्षा तीच. नाव कागदावर कितीही शोभलं तरी गॅलरीतून एकदा मोठ्यानं ओरडून बघायचं. नावं ठेवण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोणी धरणार नाही, पण एक नाव ठेवायला आम्हाला तीन आठवडे लागले.

सुरुवात बाबांनी केली. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, त्यांनी थेट ऋग्वेदातच हात घातला. पणी नावाच्या असुरांनी दडवलेल्या गाईंचा माग काढणारी इंद्राची कुत्री, सरमा. मला तर ऐकताक्षणी पटलं. पण वरच्या मजल्यावर शर्मा राहतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात मी "सरमा, चल, खाली उतर!" म्हणालो आणि वरून त्या सज्जन गृहस्थांचा "जी?" असा आवाज आला. वेद तिथंच आटोपले.

मग काका. त्यांचं एकच, 'वाघ्या'. रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे, साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे, हे सगळं त्यांनी चहाच्या दोन कपांत सांगितलं. ही मादी आहे, याचं त्यांना काहीच वाटेना. अडली ती आजी. वाघ्या म्हटलं की तिला जेजुरी दिसते. "खंडोबाच्या भक्ताचं नाव कुत्र्याला?" मी म्हटलं, अगं, वाघे स्वतःच स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. तर म्हणाली, "ते म्हणवून घेतात. तू म्हणायचं नाहीस." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पुतणीचं 'कोको' तळजाईवर एका सकाळी निकालात निघालं. मी हाक मारली आणि तीन परकी कुत्री धावत आली. आमची मात्र झुडपात काहीतरी हुंगत बसली होती.

'बसंती' मला मनापासून आवडलं होतं. पण तोवर बिस्किटाच्या लालचीनं ती 'बस' शिकली होती. "बसंती, इकडे ये" म्हटलं की जागच्या जागी बसायची आणि बिस्किटाची वाट बघायची. तिचं काय चुकलं? हाकेतलं पहिलं अक्षर कानावर पडलं की तिचा निर्णय झालेला असतो, उरलेलं नाव आपण आपल्या हौसेसाठी म्हणायचं. तेव्हा तुमच्याकडे कधी पिल्लू आलंच तर 'नकुल' वगैरे ठेवू नकोस. दिवसभर 'नको नको' ऐकणाऱ्या जीवाला त्यातही नकारच ऐकू येईल.

आता आईचं ऐक. कुत्रं घरात नको म्हणून पहिले चार दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. थंडी सुरू झाली, तिनं लाडवांसाठी डिंक तळायला घेतला आणि ही जी तिच्या पायाशी बसली ती हलेचना. "डिंकासारखी चिकटलीये मेली," आई म्हणाली. पुढे रोज तेच. "डिंक कुठाय? डिंकाला पोळी घातली का?"

तीन महिन्यांची झाली तशी रेबीजच्या लशीला नेली. महापालिकेच्या परवान्याला तो दाखला लागतो. कार्डावर लिहायला कंपाउंडरनं नाव विचारलं. बाबांनी घसा खाकरला, 'सर' एवढं तोंडातून निघालंही. तेवढ्यात आई म्हणाली, "डिंकी लिहा." टेबलाखाली शेपटी आपटायला लागली.

एकच पंचाईत झालीये. लाडवांचा डबा उघडताना कोणी 'डिंक' म्हटलं की बाई हजर. त्यामुळे आमच्या घरात सध्या त्यांना खारकेचे लाडू म्हणतात. संक्रांतीला येशील तेव्हा जपून माग.

तुझा,
सुध्या