मॅडम, गोठ्यातल्या बायांकडून आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं आमच्या पशुधन पर्यवेक्षकांकडून कळलं. निरोपाच्या कार्यक्रमात तुमच्या विद्यार्थ्यांनी, सहकाऱ्यांनी भाषणं केली असतील. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या गोठ्यांमधून कोणी बोललं नसेल, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहिते.

जनावरांचं प्रजनन हा तुमचा आयुष्यभराचा विषय आणि त्यातही म्हशीचा मुका माज. गाय माजावर आली की हंबरते, दुसरीवर उडते, शेजाऱ्यालाही कळतं. म्हैस गप्प राहते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, मग दिवसा ती काहीच दाखवत नाही. माज हुकला की पुढचे 21 दिवस गेले. असे दोन-तीन माज हुकले की घरात "भाकड आहे, विकून टाका" सुरू होतं. चांगल्या दुधाच्या नागपुरी म्हशी अशाच बाजारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुम्ही उजाडायच्या आधी गोठ्यात यायच्या. म्हशीला उठवायच्या आणि तिच्याकडे न बघता ती बसली होती त्या जागेवर बॅटरी मारायच्या. म्हशीचा सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, गायीसारखा लोंबत नाही, बसल्यावर खाली पडतो, हे आम्हाला तिथेच समजलं. शेण बाजूला सारून तुम्ही तो दोन बोटांत धरून ताणला. अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, न तुटणारा. "हा दिसला की वेळ लिहून ठेवा," एवढंच म्हणालात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचं स्त्रीबीज माज संपल्यावर काही तासांनी सुटतं, म्हणून घाई करायची नाही, हे कारणही सांगितलंत. नुसता नियम सांगून तुम्ही कधी गेला नाहीत.

रेतन करणाऱ्या पोरांवर तुमची करडी नजर असायची. उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये राहिलेली गोठवलेल्या वीर्याची कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, घड्याळ लावून. मग कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब लागला तरी शुक्राणू मरतात. कांडी खिशात गरम करणाऱ्याला तुम्ही आमच्यासमोर थांबवलं होतं. किती कांड्या वापरल्या याचे आकडे वरती जातात, किती वासरं जन्मली हे कोण विचारतं? तुम्ही विचारायच्या. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

आणि जनावर वारंवार उलटलं, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिलं नाही, की पहिला प्रश्न चाऱ्याचा. सोयाबीनचं, तुरीचं कुटार (वाळला भुसा) पोट भरतं, पण त्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी, त्यामुळे जनावर वेळेवर माजावर येत नाही, गाभणही राहत नाही, हे ऐकल्यापासून आमच्या घरी खनिज मिश्रणाचा डबा सरकी ढेपेच्या पोत्याशेजारी असतो.

गवळाऊ या आमच्याकडच्या देशी गायीसाठी तर मनापासून आभार. जिथे तिथे जर्सीचा संकर चालू असताना तुम्ही म्हणालात, जिच्याकडे शुद्ध गवळाऊ आहे तिने गवळाऊचंच रेत मागावं. दूध कमी असलं तरी तिचा गोऱ्हा या उन्हात वखर ओढतो आणि शंकरपटातही, म्हणजे बैलांच्या शर्यतीतही, पळतो. आर्वी, आष्टी, कारंजा हा या गायीचा मुलूख आहे. इथेच ती संपली तर कुठून आणायची?

आणखी एक. माजाच्या नोंदी तुम्ही घरच्या पुरुषांकडून नाही, आमच्याकडून घेतल्या. शेण आम्ही काढतो, धार आम्ही काढतो, तर आधी दिसणार आम्हालाच. आमच्या गावात हे पहिल्यांदा तुम्ही बोलून दाखवलंत. आता सासरे रेतनाला फोन करण्याआधी मला विचारतात.

गावातल्या काही मुली पशुपालनाच्या डिप्लोमाला जायचं म्हणताहेत. वेळ काढून एकदा या, त्यांच्याशी बोला. पोळ्यानंतर आलात तर बरं, तोवर निंदणं आटोपलेलं असतं आणि आम्हालाही बसता येईल.

आपली,
कारंजा तालुक्यातली एक पशुपालक