सफारीत वाघाला झोपू द्या

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपूरच्या गोरेवाडा सफारीत मुलाबाळांसह येणाऱ्यांची गर्दी वाढते. २६ जानेवारी २०२१ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि आम्हा विदर्भवासीयांना घराजवळ एक उत्तम ठिकाण मिळाले. वाघ, बिबटे, अस्वले मोकळ्या जागेत आणि माणसे बंद गाडीत, हा प्रकार मुलांना फार भावतो. माझ्या धाकटीने तर वाघापेक्षा नीलगायींकडेच जास्त वेळ टक लावून पाहिले.

वाईट वाटते ते मोठ्यांच्या वागण्याचे. सावलीत पहुडलेला वाघ उठावा म्हणून शिट्ट्या, आरोळ्या, काचेवर थापा! आईवडीलच असे करू लागले की मुलेही तेच करतात. वाघ दिवसाचा बराच वेळ, त्यातही भर उन्हात, विश्रांतीच घेतो आणि अस्वल मुख्यतः रात्री हिंडते, एवढे तरी घरून निघताना मुलांना सांगायला हवे. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे किंवा आवाज करून त्रास देणे याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार मनाई आहे. हे किती पालकांना ठाऊक असते?

राज्यातील अशा सर्वच ठिकाणी गाडी सुटण्यापूर्वी हा नियम मराठीतून मोठ्याने वाचून दाखवावा आणि न ऐकणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, तिथल्या तिथे दंड करावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, नागपूर