आधी जखमा मोजा, मग मोर्चे काढा

महोदय,

मारामारीचे प्रकार वाढले की शांतता फेरी निघते, शपथ होते, शाळेत व्याख्यान ठेवले जाते. पण नेमक्या कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारी, किती वाजता आणि कशाने मारतात, हे कुणी विचारत नाही. पोलिसांच्या दप्तरात याचे अर्धवटच उत्तर मिळते. टाके घालून घेणारे कितीतरी जण तक्रार देत नाहीत. मारणारा ओळखीचा असतो, बदल्याची धास्ती असते किंवा आपणही हात उचललेला असतो.

वेल्समधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या शल्यचिकित्सकांनी यावर साधा मार्ग काढला. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात केसपेपर काढतानाच चार-पाच प्रश्न विचारायचे: मारहाण कुठे झाली, कधी, कशाने, मारणारे किती. नावे वगळून ही माहिती दरमहा पोलीस आणि पालिकेच्या टेबलावर जाते. त्यावरून मारहाणीच्या जागांचा नकाशा तयार होतो, गस्तीची जागा व वेळ बदलते, कोणत्या मद्यालयावर लक्ष ठेवायचे ते ठरते. काचेच्या ग्लासाने तोंडे फाटत असतील तर ग्लासच बदलायला लावता येतात. 14 तुलनात्मक शहरांच्या मानाने तिथे मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 42 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

ही योजना फसते ती मात्र अगदी क्षुल्लक जागी. ‘रस्त्यावर’ किंवा ‘बारमध्ये’ एवढीच नोंद असेल तर ती फुकट. बारचे नाव हवे, रस्त्याचा कोपरा हवा. प्रश्न डॉक्टरांवर सोपवले तर गर्दीच्या रात्री रकाने कोरे राहतात, आणि नेमकी तीच रात्र महत्त्वाची असते. म्हणून हे काम नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाचे. माहिती तीन महिन्यांनी पोचली तर तोवर भांडणाचा अड्डा हललेला असतो. नावे एकदा जरी बाहेर गेली तरी लोक ‘पडलो’ म्हणून सांगू लागतात. घरातल्या मारहाणीला हा नकाशा लावूच नये. तिथे पत्ता म्हणजेच ओळख, आणि सोबत आलेलाच मारणारा असू शकतो. तो प्रश्न एकांतातच विचारावा.

नकाशा जागा दाखवतो, उद्या सूड कोण घेणार ते दाखवत नाही. त्यासाठी शिकागोतल्यासारखे त्याच वस्तीतले, तरुण ज्यांचे ऐकतात असे मध्यस्थ लागतात. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचा लोकप्रिय उपाय मात्र सोडून द्यावा. चाचण्यांमध्ये अशा मुलांकडून पुढे गुन्हे कमी नव्हे, जास्तच घडलेले दिसले.

आणखी एक. कार्डिफमध्ये गंभीर जखमा घटल्या तेव्हा पोलिसांकडील किरकोळ मारहाणीच्या नोंदी इतर शहरांच्या तुलनेत वाढल्या. प्रकरण गंभीर जखमांपर्यंत जाण्याआधी पोलीस पोचू लागले, असा त्याचा अर्थ लावला गेला. असा आकडा पाहून दुसऱ्याच वर्षी निधी तोडला जाऊ नये, म्हणून यशाचे माप दाखल रुग्णांची संख्या हेच राहील, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्यावे.

आपले,
हिंसाप्रतिबंधाचे दोन अभ्यासक