सबसॉयलर घेताना ढेकळांवर जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊस तुटून शेते मोकळी होऊ लागली की सबसॉयलरला, म्हणजे जमिनीच्या पोटातला घट्ट थर मोडणाऱ्या खोल दांड्याच्या अवजाराला, मागणी येते. विक्रेता ‘दोन फूट जातो’ म्हणून सांगतो आणि बांधावर उभा राहून बघणारा उसळलेली मोठमोठी ढेकळे पाहून समाधान मानतो. तळचा घट्ट थर मोडला की नाही, हे या दोन्हींवरून कळत नाही. उलट थर मोडून वरची माती जितकी जागच्या जागी राहील तितका सबसॉयलर चांगला, असे आमचे स्पष्ट मत आहे. काळ्या जमिनीत वर आलेले ढेकूळ फोडायला दोनदा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारे यंत्र) फिरवावा लागतो, ओल उडते, खालची चुनखडीयुक्त माती वर येते आणि रोटाव्हेटरमुळे पाच-सहा इंचांवर नवा थर बसतो. डिझेल दोन्हीकडून जळते. माती इंच-दोन इंच उचलावी, तडकावी आणि पुन्हा तिथेच बसू द्यावी, एवढेच खरे काम आहे.

अवजाराआधी जमीन पाहावी. शेतात दोन-तीन ठिकाणी दोन फूट खोल खड्डा घ्यावा: एक ट्रॉलीच्या वाटेवर, एक शेताच्या मध्यात, एक बांधाकडेला जिथे चाक गेलेले नाही. खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली सुरी टोचत जावे. जिथे ती अडते आणि पुन्हा सैल होते तो थर. त्याच पातळीवर मुळ्या आडव्या वळलेल्या आणि माती पापुद्र्यासारखी आडवी सुटत असेल तर शंका उरत नाही. पेनेट्रोमीटर (सळई मातीत दाबून घट्टपणा मोजणारे उपकरण) असेल तर जमीन ओली असताना लावावा. २ मेगापास्कलच्या आसपास आकडा गेला की बहुतेक पिकांची मुळे अडखळतात. कोरड्या काळ्या जमिनीत आकडा कुठेही जास्तच येतो, त्यावर विसंबू नये. एक खूण मात्र फसवते. खोल काळ्या जमिनीत दीड-दोन फुटांखाली तिरपे, चकचकीत पृष्ठभाग दिसतात. माती फुगताना-आकसताना एकमेकांवर घासून ते तयार होतात. तो घट्ट थर नव्हे, त्याच्या मागे लागून यंत्र आणखी खोल घालू नये.

थर पाच-सहा इंचांवर असेल तर साधा चिझल नांगर पुरेसा आहे. चैत्र-वैशाखात ज्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जिथे ओल्यात ट्रॉली फिरलेली नाही, तिथे बहुतेक वेळा काहीच करायची गरज नसते. सबसॉयलरची जागा आहे ती दहा ते सोळा इंचांवरच्या थरात. तोडणी यंत्र आणि भरलेल्या ट्रॉल्या ओल्या रानात शिरल्या की हा थर बसतो, कारण एका ॲक्सलवरचा भार जेवढा मोठा तेवढा दाब खोल उतरतो. टायर रुंद केल्याने वरचा दाब कमी होतो, खोलवरचा फारसा होत नाही.

आता ‘दोन फूट जातो’ याबद्दल. इंग्लंडमधील सिल्सो येथे स्पूर आणि गॉडविन या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की दांड्याच्या तळाशी माती फोडणारे जे टोक असते, त्या प्रत्येक टोकाला एक मर्यादा-खोली असते. तिच्या वर टोक माती पुढे आणि वर उचलते, दोन्ही बाजूंना तडे जातात. तिच्या खाली टोक गेले की माती वर उचलली जात नाही, बाजूला दाबली जाते. म्हणजे ट्रॅक्टर धूर ओकत असतो आणि खाली फक्त एक अरुंद चीर पडून तिच्या दोन्ही भिंती आणखी घट्ट झालेल्या असतात. ही खोली ढोबळमानाने टोकाच्या रुंदीच्या पाच ते सात पट धरतात, मातीच्या ओलीप्रमाणे ती कमी-जास्त होते. अडीच इंच रुंदीचे टोक असेल तर साधारण तेरा ते सतरा इंच. त्याच टोकाने दोन फूट खोल जाणे म्हणजे पैसे देऊन जमीन दाबून घेणे.

ही मर्यादा खाली न्यायचा उपाय म्हणजे टोकामागे दोन्ही बाजूंना बसवलेले पंख. एकूण आठ ते बारा इंच रुंदीचे पंख असले की तडे रुंद जातात आणि दांड्यांतले अंतरही वाढवता येते. बिनपंखी दांडे कामाच्या खोलीच्या एक ते दीड पट अंतरावर हवेत, पंखवाले दीड ते दोन पट. सोळा इंच खोलीला बिनपंखी दोन फुटांपलीकडे नकोत, पंखवाले फार तर बत्तीस इंचांपर्यंत चालतील. एकच दांडा लावून पाच-पाच फुटांवर फेरे मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अशा शेतात दोन चिरांच्या मधली जमीन जशीच्या तशी राहते. भाड्याने काम करून घेणाऱ्यांनी एकराचा दर ठरवण्याआधी फेऱ्यांतले अंतर ठरवावे.

पंखांची रुंदी पाहतात, उंची कुणी मोजत नाही, आणि वरची माती किती उसळणार हे बरेचसे उंचीवर ठरते. पंखाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा साधारण एक इंच वर असेल तर उचल कमी, दोन-तीन इंच असेल तर ढेकळे ठरलेली. टेप घेऊन दुकानातच मोजावे. टोकाचा जमिनीशी कोन २० ते २५ अंश असावा. कोन जास्त उभा असला की ओढ वाढते आणि टोक माती उचलण्याऐवजी पुढे ढकलते. दांडा अरुंद हवा, पाऊण ते सव्वा इंच जाडीचा, आणि त्याची पुढची कड धारदार. जाड, बोथट दांडा पृष्ठभागापर्यंत माती फाडत वर आणतो. तिरप्या दांड्याचाही प्रकार आहे. त्यात दांडा खाली एका बाजूला वळलेला असतो आणि वरची माती सर्वांत कमी हलते, पण तो डावा-उजवा जोडीनेच घ्यावा. एकटा असला तर ट्रॅक्टर बाजूला ओढला जातो आणि चालक दिवसभर स्टीयरिंगशी झगडतो.

खोडव्यात पाचट ठेवणाऱ्यांना दांड्यापुढे कापणारी डिस्क हवीच, नाहीतर दहा पावलांत पाचटाचा भारा अडकून दांडा वर येतो. डिस्क दांड्याच्या नेमकी रेषेत असावी आणि दोन-तीन इंच मातीत जावी. पाचट दमट असेल तर डिस्क ते कापत नाही, नुसतेच चिरेत दाबते; ऊन चढल्यावर काम करावे. मागचा रोलर खोली सांभाळतो आणि उचललेली माती बसवतो, पण चिकट ओल्या मातीत तो भरून निघतो, म्हणून खरवडणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या आहेत का ते पाहावे. रोलरसह अवजाराचे वजन मागे लांब जाते. लिफ्टची क्षमता कागदावर पुरली तरी पुढची चाके हलकी होतात, पुढे वजने लावावी लागतात. ताकदीचा हिशेब काळ्या जमिनीत सोळा-अठरा इंच खोलीला दर दांड्यामागे ४० ते ५० एचपी असा धरावा. ५० एचपीच्या ट्रॅक्टरमागे तीन दांडे लावून दहा इंचांवर काम उरकणे निरर्थक आहे. त्यापेक्षा एक पंखवाला दांडा पुऱ्या खोलीला, फेरे जवळ घेऊन चालवावा.

पेरणीचा वाफसा (काम करण्याजोगी ओल) आणि सबसॉयलरचा वाफसा एक नव्हे. वरची माती पायाला कोरडी लागते तेव्हा चौदा इंचांवर ती लोण्यासारखी असू शकते. थराच्या खोलीवरची माती काढून तळहातावर वळावी. ३ मिमी जाडीची वळी न तुटता झाली तर काम थांबवावे, त्याआधीच तुकडे पडले तर यंत्र घालावे. अगदी खडखडीत वाळल्यावरही नको, तेव्हा माती तडकत नाही, शिळांसारखी उखडते.

शेतात उतरल्यावर टॉप लिंकने (ट्रॅक्टर आणि अवजार जोडणाऱ्या वरच्या दांडीने) चौकट पुढे-मागे समपातळीत आणावी. नाक खाली असेल तर उसळ वाढते, वर असेल तर टोक खाली जातच नाही. खोली थराच्या तळाखाली दोन-तीन इंच, त्याहून अधिक नको. वेग माणसाच्या चालण्याचा, ताशी ४ किलोमीटरच्या आसपास. वीस-पंचवीस पावले गेल्यावर थांबून फेऱ्याला आडवा चर खणावा. एका चिरेपासून दुसरीपर्यंत तडे भिडलेले दिसले तर चालू ठेवावे. भिंत गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर माती ओली आहे किंवा टोक मर्यादेखाली गेले आहे. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) वारंवार तुटत असेल तर त्या जागी कडक बोल्ट घालण्याचा मोह आवरावा. बोल्ट वाचला की दांडा वाकतो किंवा चौकट तडकते. खोली आणि वेग कमी करून पाहावे, खाली मुरूम किंवा दगड लागतो का ते तपासावे. झिजून गोल झालेले टोक वेळीच बदलावे. आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या तरी गाडलेली सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारी पाइपलाइन) विसरू नये. ती दीड-दोन फुटांवरच असते.

चोपण जमिनीत, म्हणजे विनिमय सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांच्या वर असेल तिथे, निचरा आणि जिप्सम याआधी सबसॉयलर घालू नये. पहिल्याच पाण्यात माती विरघळून चिरा बुजतात. चांगल्या जमिनीतही नुकतीच सैल केलेली माती पूर्वीपेक्षा सहज दबते. त्यावर लगेच मोकाट पाणी सोडू नये, जड ट्रॅक्टर फिरवू नये. ताग किंवा धैंचा पेरला तर त्याची मुळे तडे उघडे ठेवतात. पुढच्या तोडणीला ट्रॉलीची वाट ठरवून त्याच वाटेने ने-आण करावी.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करणाऱ्यांनी विक्रेत्याकडे अवजाराचा चाचणी अहवाल मागावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेसारख्या चाचणी केंद्रांत अशा चाचण्या होतात. साखर कारखाने आणि अवजार बँका यांना आमची विनंती आहे की, सबसॉयलर घेताना आणि भाड्याने देताना टोकाची रुंदी, पंखांची रुंदी आणि उंची, दांड्याची जाडी व शिफारस केलेले अंतर हे आकडे चौकटीवरच रंगाने लिहावेत, आणि प्रात्यक्षिकाच्या शेवटी आडवा चर खणून शेतकऱ्यांना दाखवावा.

आपले,
ऊस उत्पादक व अवजार कारागीर,
ता. वाळवा, जि. सांगली