आवारातील प्राण्यांविषयीचे धोरण रहिवाशांच्या सहभागाने ठरविण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : कुत्र्या-मांजरांना खाऊ घालण्यावरील बंदीची सूचना स्थगित ठेवून रहिवाशांची सभा बोलावण्याबाबत

महोदय,

आवारात कुत्र्या-मांजरांना खाऊ घालण्यास मनाई करणारी सूचना गेल्या आठवड्यात लिफ्टशेजारच्या फलकावर लागली. मुलांच्या खेळण्याच्या जागेत उष्ट्या ताटल्या पडून राहू नयेत, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो रहिवाशांना न विचारता निर्णय घेण्याला.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधील विसाव्या नियमानुसार, आवारात राहणाऱ्या प्राण्यांना रहिवासी खाऊ घालत असतील तर त्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवरच येते. खाऊ घालण्याची जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची ठिकाणे यांपासून दूर असावी, वेळ मुलांची आणि ज्येष्ठांची ये-जा पाहून ठरवावी आणि हे सारे परस्परसंमतीने व्हावे, अशी त्यातील अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई केली, पण त्याचबरोबर ठरावीक जागा निश्चित करण्यासही सांगितले. सरसकट बंदी यांपैकी कशातच बसत नाही, आणि परस्परसंमती तर सूचना चिकटवून मिळत नाही.

कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा प्रश्न उरतोच. रेबीज आटोक्यात ठेवायचा तर परिसरातील साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असावी लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. ही लस टोचायला कुत्रे धरणार कोण? अनोळखी माणूस जाळे घेऊन आला की ती गाड्यांखाली शिरतात किंवा मागच्या भिंतीवरून पसार होतात. रोज पोळी घालणाऱ्या माणसाच्या हाकेला मात्र ती शेपूट हलवत येतात. ज्यांना आपण या सूचनेने गुन्हेगार ठरवतो आहोत, त्यांच्यावाचून लसीकरण आणि नसबंदी ही दोन्ही कामे अडतात. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, आणि आपल्याकडे अशी खाच कोणाच्या कानाला आहे व कोणाच्या नाही, हे बहुधा रात्रपाळीचे सुरक्षारक्षकच सांगू शकतील. त्यांनाही कोणी विचारलेले नाही. कुत्री हुसकावून लावली तर मोकळ्या जागेत बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येण्याचीच शक्यता अधिक.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे, असे मला वाटते. पहाटे झाडायला येणाऱ्या ताईंच्या अंगावर कुत्री धावून जातात. ज्यांना कुत्र्यांची खरोखरच भीती वाटते, अशी माणसेही आपल्या इमारतीत आहेत. त्यांना ‘भूतदया नाही’ असे हिणवणे जितके चूक, तितकेच खाऊ घालणाऱ्यांना ‘रिकामटेकडे’ म्हणणे चूक. (आपल्या व्हॉट्सॲप गटावर दोन्ही शब्द झाले आहेत.) प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारा कायदा १९६० चा, त्याच्या दुरुस्तीचा मसुदा २०२२ साली तयार झाला तेव्हा केंद्र सरकारनेसुद्धा लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. देशाला जे जमते ते एका इमारतीला जमू नये?

म्हणून माझी विनंती अशी की, सूचना तूर्त स्थगित ठेवावी आणि सुट्टीच्या दिवशी एक सभा बोलवावी, जिचे आमंत्रण सभासदांइतकेच भाडेकरूंना, सुरक्षारक्षकांना आणि सफाई कर्मचाऱ्यांनाही असावे. सभेत बोलण्याचा संकोच वाटणाऱ्यांसाठी कार्यालयात सूचनापेटी ठेवता येईल. खाऊ घालण्याची जागा, वेळ, ताटल्या उचलण्याची जबाबदारी आणि लसीकरणाची नोंद ठेवणारी माणसे, इतके चार मुद्दे त्या दिवशी ठरले तरी पुरे. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावता आले तर उत्तमच. त्यांच्यासमोर वादाचा आवाज आपोआप खाली येतो. जागेवरून एकमत झाले नाही, तर २०२३ च्या त्याच नियमांत प्राणी कल्याण समितीकडे जाण्याची तरतूद आहे, मात्र तो मार्ग आपसात बोलून झाल्यानंतरचा.

सभेची तारीख ठरल्यास इतिवृत्त लिहिण्याचे आणि नंतर ते फलकावर लावण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक सभासद