चार हजार ओळींचा क्लास

प्रिय मित्रा,

जावा भाषेतल्या तुझ्या ऑर्डरींच्या प्रोग्रॅमबद्दलचं पत्र मिळालं. 'हा क्लास फेकून देतो आणि नव्यानं लिहितो' हे वाक्य त्यात दोनदा आलंय, दुसऱ्या वेळी तर तीन उद्गारचिन्हांसकट. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेला कोडचा गठ्ठा. तुझ्या गठ्ठ्यात चार हजार ओळी, अठ्ठ्याहत्तर फील्ड (माहितीचे कप्पे) आणि नाव काय, तर 'ऑर्डर मॅनेजर'. क्लासच्या नावात मॅनेजर दिसला की मी आधीच सावरून बसतो. ज्याचं काम नेमकं काय ते सांगता येत नाही, त्याला आपण मॅनेजर म्हणून मोकळे होतो. (ऑफिसातही हेच चालतं, पण ते जाऊ दे.)

फेकू नकोस. तुला वेडगळ वाटणाऱ्या त्या इफपैकी ('अमुक असेल तर तमुक कर' अशा अटींपैकी) निम्मे तरी कुणीतरी अपरात्री उठून लावलेली ठिगळं असणार, आणि ठिगळाखाली तेव्हा खरंच भोक होतं. नव्यानं लिहिताना ठिगळं जातात, भोकं परत येतात.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, माझी फजिती झालीय म्हणून सांगतोय. मीही एकदा असाच एक क्लास 'नीट' करायला बसलो होतो. ग्राहक क्रमांक साधा इंट, म्हणजे नुसता आकडा, होता. काही ऑर्डरींना ग्राहकच नसायचा, तिथं जुना कोड उणे एक भरायचा. मला ते ओंगळ वाटलं. मी इंटचा इंटीजर केला, म्हणजे आकडा ऑब्जेक्टच्या डबीत घातला, आणि उणे एकच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवला. खाली नेहमीचा ग्राहक ओळखायला दोन क्रमांकांची तुलना == नं केलेली होती, ती तशीच राहिली. कंपाइल झालं, टेस्ट (कोड तपासणारा कोड) सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, गेल्यावर नेहमीच्या ग्राहकांची सूट बंद! आणि तीही सगळ्यांची नाही. अगदी जुन्या, पहिल्या शंभरेक ग्राहकांना ती व्यवस्थित मिळत होती.

गंमत बघ. जावा −१२८ ते १२७ एवढ्या आकड्यांचे इंटीजर आधीच करून ठेवते आणि मागितले की तेच ऑब्जेक्ट पुन्हा हातात देते. त्यापुढच्या आकड्याला साधारणपणे नवं ऑब्जेक्ट मिळतं. आणि ऑब्जेक्टवर == लावलं की प्रश्न 'आकडा सारखा आहे का' असा राहत नाही, 'वस्तू तीच आहे का' असा होतो. टेस्टमधले माझे ग्राहक होते १, २, ३ आणि १०१. चौघेही १२७ च्या आत. == ऐवजी आकडा ताडणारं इक्वल्स लिहिलं असतं तर काही झालं नसतं. पण चूक शोधायला दोन दिवस गेले ते त्या एका ओळीमुळे नव्हे. त्याच कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) मी साठ फाइलींतली नावं बदलली होती, मेथड (क्लासमधली एकेक कामं) हलवल्या होत्या आणि वर एक जुना बगही 'जाता जाता' सुधारला होता. त्या ढिगाऱ्यात ती ओळ कुणाला दिसणार? रिव्ह्यू करणाऱ्यानं दोन मिनिटांत मान्यता दिली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली असती.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: एका कमिटमध्ये एक तर कोडची जागा बदलायची, नाही तर त्याचं वागणं. दोन्ही एकदम नाही. बग दिसला तर वहीत लिही आणि पुढे जा. हात शिवशिवतात, मला माहीत आहे.

आता तुझ्या क्लासकडे येऊ. टूलनं त्या एका मेथडची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी ६३ दाखवली म्हणून तू घाबरलायस. हे माप थॉमस मॅकेबनं १९७६ मध्ये मांडलं: कोडमध्ये वाटा फुटण्याच्या जागा मोजायच्या आणि एक मिळवायचा. मर्यादा त्यानं सुचवली होती १०. तेव्हा ६३ म्हणजे भयंकरच, वाद नाही. पण आकड्याच्या मागे लागू नकोस. आकडा उतरवायला लोक काय करतात ते मी पाहिलंय: मेथडचे सात तुकडे, नावं 'प्रोसेस भाग एक', 'प्रोसेस भाग दोन', आणि प्रत्येकाला अकरा पॅरामीटर (बाहेरून द्यायच्या किमती). टूल खूश, वाचणारा रडकुंडीला. उलट बारा केस असलेला सरळसोट स्विच (पर्यायांतून एक निवडणारा कोड) १३ दाखवतो आणि एका नजरेत कळतो. एकात एक तीन लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) आणि आत एक इफ यांचे होतात फक्त ५, आणि डोकं मात्र तिथंच दुखतं. कोड एकात एक किती खोल शिरलाय याचा हिशेब धरणारं कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीचं माप म्हणूनच आलं. तुझं टूल तेही दाखवत असेल तर आधी ते बघ.

त्याहून कामाचा आहे कागद. उभ्या बाजूला फील्ड लिही, आडव्या बाजूला मेथड, आणि कुठली मेथड कुठल्या फील्डला हात लावते तिथं फुली मार. अठ्ठ्याहत्तर ओळींचा तक्ता कंटाळवाणा होईल, पण फुल्यांचे पुंजके आपोआप दिसायला लागतील. पत्त्याची पाच फील्ड आणि त्यांना शिवणाऱ्या सहाच मेथड, बाकी कुणाचा त्यांच्याशी संबंध नाही, असा एखादा पुंजका हमखास निघतो. तो क्लास मुळात वेगळाच होता, फक्त चुकीच्या घरात राहत होता. आकारावरून क्लास तोडू नकोस, या पुंजक्यांवरून तोड. आणि गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या टूलच्या, इतिहासात बघ की कुठल्या ओळी नेहमी एकत्र बदलल्या जातात. करांचे नियम बदलले की ज्या तीन मेथड बदलतात, त्या एका जागी हव्यात.

पण तोडण्याआधी टेस्ट. तुझ्या क्लासला एकही टेस्ट नाही हे तू इतकं सहज लिहून गेलास की मी ते वाक्य परत वाचलं. कोडनं काय करायला हवं याच्या टेस्ट आत्ता लिहू नकोस. ते आज काय करतं, तेवढंच पकडून ठेव. जुन्या खऱ्या ऑर्डरी घे, नावं-पत्ते पुसून टाक, क्लासमधून चालव, निघेल ते उत्तर फाइलीत साठव. बदल केला की पुन्हा चालव आणि ताडून बघ. चुकीचं उत्तरही जसंच्या तसं साठवायचं. एक उदाहरण देतो. तीन ओळींची ऑर्डर, प्रत्येक ओळीवर कर ०.३३५. प्रत्येक ओळ आधी दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केली तर ०.३४ तीनदा, म्हणजे १.०२. आधी बेरीज करून मग पूर्णांकित केलं तर १.००५ चे १.०१. तुला दुसरं बरोबर वाटेल, कदाचित असेलही. पण पलीकडचा हिशेबाचा विभाग कित्येक वर्षं पहिल्या आकड्याशी जुळवणी करत आला असेल, तर तुझी 'सुधारणा' महिनाअखेरीस त्यांच्या गळ्यात पडेल. बाय द वे, हे आकडे डबलमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवले असतील तर ते आधी वहीत लिही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथं ०.३०००००००००००००००४ येते.

एक अडचण येणारच: क्लासच्या पोटात कुठंतरी 'आत्ताची वेळ' थेट विचारलेली असेल आणि तुझी टेस्ट उद्या सकाळी लाल होईल. घड्याळ बाहेरून दे. जावा ८ पासून त्यासाठी क्लॉक आहेच.

मग पहिला पुंजका नव्या क्लासमध्ये हलव, जुनी मेथड मात्र जागेवरच ठेव. तिनं फक्त नव्याकडे बोट दाखवायचं. बोलावणाऱ्यांना काही कळतही नाही. त्यांना सवडीनं एकेक करून वळव आणि शेवटी जुनी मेथड काढून टाक.

बाकी फुटकळ तक्रारींचं फार मनावर घेऊ नकोस. कमेंट करून ठेवलेला कोड सरळ उडव, गिटमध्ये तो आहेच. मेथडला ट्रू, फॉल्स, ट्रू असे पॅरामीटर जात असतील तर दोन वेगळ्या नावांच्या मेथड कर. रिकामा कॅच (चूक, म्हणजे अपवाद, पकडून काहीच न करणारा कोड) मात्र फुटकळ नाही. अपवाद गिळून गप्प बसणारा कोड मला सगळ्यात जास्त छळतो. तिथं निदान लॉग (नोंद) तरी लिही, आणि मग आठवडाभर बघ काय काय वर येतं. आणि दोन तुकडे सारखे दिसतात म्हणून लगेच एक करू नकोस. नव्या ऑर्डरीची तपासणी आणि रद्द करतानाची तपासणी आज सारखी आहे, पण ती दोन वेगवेगळ्या कारणांनी बदलणार आहे.

साहेबांकडे रिफॅक्टरिंगसाठी (वागणं न बदलता कोडची रचना सुधारण्यासाठी) दोन महिने मागू नकोस, मिळणार नाहीत. अर्धवट कोडला कर्जाची उपमा प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅमनं १९९२ मध्ये वापरली तेव्हाही त्याचं म्हणणं हेच होतं की थोडं कर्ज चालतं, ते लवकर फेडलं तर. ज्या कामासाठी त्या क्लासला हात लावायचाच आहे, त्यातच एक पुंजका हलव.

आणि तू ज्या इफवर पानभर हसलायस, एकाच ग्राहकाला वेगळा हिशेब लावणारा, तो काढू नकोस. आधी ती ओळ कुणी, कधी, कुठल्या कमिटमध्ये घातली ते बघ, आणि तो माणूस अजून तिथं असेल तर त्याला विचार. तक्ता झाला की त्याचा फोटो पाठव. मला त्या फुल्या बघायच्यात.

तुझाच