‘साईट इश्यू’ म्हणजे माझं घर: मॉड्युलर किचन आणि चिमणीच्या कामाबाबत तक्रार

दि. १८ ऑगस्ट २०२५
मनीषनगर, नागपूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्वयंपाकघरातील कॅबिनेट आणि चिमणीचे काम मंजूर नकाशा व कोटेशनप्रमाणे न झाल्याबाबत

महोदय,

फेब्रुवारीत मी तुमच्याकडे मॉड्युलर किचनचं काम दिलं. एकूण रक्कम ३,४०,००० रुपये. त्यातले ३,०६,००० तुम्ही कामाला हात लावण्याआधीच घेतले. अक्षय तृतीयेपर्यंत किचन तयार देऊ म्हणालात, माणसं आली ती मेअखेर, नवतपा लागल्यावर. उशिराबद्दल मी भांडत नाही. तीन पोरं त्या उन्हात माझ्या घरी राबत होती, दिवसातून दोनदा त्यांना पन्हं मीच करून दिलं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. ज्यांनी नकाशा काढला आणि ज्यांनी तो पास केला, त्यांच्याबद्दल आहे.

गॅसच्या मागच्या बाहेरच्या भिंतीवर छताखाली बीम आहे. इमारत बांधली तेव्हापासून आहे, भिंतीच्या चांगला पुढे आलेला आहे आणि मान वर केली तर कोणालाही दिसतो. तुमचे डिझायनर दोनदा माप घ्यायला आले, लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं. चित्रात चिमणीचा पाइप सरळ वर जातो आणि छताजवळून भिंतीबाहेर पडतो. फार देखणं चित्र होतं. त्यात बीम नव्हता.

फिटिंगच्या दिवशी पोरगा शिडीवर चढला आणि म्हणाला, “काकू, पाइप तर जाऊनच नाही राहिला. मधात बीम आहे.” त्याने तुमच्या ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, साईट इश्यू आहे, जागेवर ॲडजस्ट करा. पहिलं ॲडजस्टमेंट म्हणजे बीमलाच होल मारायचा. ड्रिल मशीन पिशवीतून बाहेरही निघालं होतं. मी शाळेत गणित शिकवत होते, स्थापत्य नाही. तरी ज्याच्यावर वरचे मजले टेकले आहेत त्याला भोक पाडत नसतात एवढं मला कळतं. मी मशीन पिशवीत परत ठेवायला लावलं.

मग पाइप डावीकडे वळवला. दोन वॉल कॅबिनेटच्या वरच्या कप्प्यांतून नेऊन धुण्याच्या बाल्कनीच्या काचेतून बाहेर काढला. तो त्या कप्प्यांच्या उंचीला यावा म्हणून चिमणीच वर सरकवली. तीन काटकोनी वळणं आली. काचेत जुनं चार इंची भोक होतं, काच बदलायचं नाव कोणी काढलं नाही, म्हणून रिड्यूसर लावून सहा इंची पाइप चार इंची केला.

आता माझा विषय. गोल पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. सहाचा वर्ग छत्तीस, चाराचा सोळा. म्हणजे धुराची वाट तुम्ही निम्म्याहूनही कमी केलीत आणि वर तीन वळणं दिलीत. डब्यावर हवा ओढायची क्षमता ताशी १२०० घनमीटर लिहिली आहे. १५०० लिहिली असती तरी कोंडलेल्या पाइपातून जाणार किती? चिमणीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाइपचा व्यास कमी करू नका असं स्पष्ट छापलं आहे. गॅस आणि चिमणी यांत ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असंही. माझ्याकडे ते ९२ आहे.

साधी जिरं-मोहरीची फोडणी निभावते. पण सावजी रश्श्यासाठी कांदा-खोबरं भाजायला घेतलं, किंवा भिवापुरी तिखट गरम तेलात पडलं, की हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्यांनाही ठसका लागतो. नव्या शटरवर तीन महिन्यांत चिकट थर बसला आहे. जून महिन्यात तुमचे सर्व्हिसवाले आले, त्यांनी कूलरला दोष दिला. ते अगदीच खोटं नाही, आडवा वारा असला तर धूर चिमणीखालून निसटतो. म्हणून मी त्यांच्यादेखत कूलर बंद केला, पंखा बंद केला, हवा आत यायला खिडकी जराशी उघडी ठेवली आणि वर्तमानपत्राचं एक पान फिल्टरला लावलं. चिमणी फुल स्पीडवर. पान घसरून शेगडीवर पडलं. त्यावर त्यांचं निदान बदललं: “मॅडम, तुमचं कुकिंग हेवी आहे.”

तुमच्या जाहिरातीत ‘भारतीय स्वयंपाकासाठी खास’ असं म्हटलं आहे. नागपूर भारतातच आहे, झीरो माइलचा दगडसुद्धा आमच्याकडेच आहे.

दुसरी गोष्ट सिंकखालच्या कॅबिनेटची. कोटेशनमध्ये बीडब्ल्यूपी प्लायवूड, आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड, लिहिलं आहे, दरही त्याचाच लावला आहे. जुलैच्या पावसात त्याचा तळ फुगला, दार घासायला लागलं. ड्रेन पाइपसाठी मागे भोक कापलं आहे, तिथे कडेला पट्टी नाही, म्हणून आतलं दिसतं. प्लायवूड असतं तर घडीच्या पोळीसारखे पदर दिसले असते. इथे दाबलेला भुसा आहे, नखाने उकरला तर हातात येतो. फोटो सोबत जोडला आहे. याला तरी साईट इश्यू म्हणू नका.

मला काय हवं ते सांगते. चिमणी ७२ सेंटिमीटरवर घ्या. आज तिच्या डोक्यापासून बीमच्या तळापर्यंत सुमारे नऊ इंच जागा आहे, वीस सेंटिमीटर खाली आली की सतरा होईल. तेवढ्यात सहा इंची एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, बसतो, मागची भिंत विटांची आहे, तिच्यात कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने गोल भोक कापून, पाइप थेट बाहेर काढता येतो. एक वळण, पूर्ण व्यास, बीमला धक्का नाही. हे पहिल्याच दिवशी जमलं असतं. फक्त पाइप चित्रातल्यासारखा छतापर्यंत न्यायचा हट्ट सोडायला हवा होता. डावीकडची दोन्ही कॅबिनेटं नवी द्या, भोकांवर झाकणं ठोकून नकोत. सिंकखालचं कॅबिनेट कोटेशनप्रमाणे बदला आणि लावण्याआधी बोर्डवरचा शिक्का मला दाखवा.

उरलेले ३४,००० रुपये दिल्याशिवाय वॉरंटी सुरू होणार नाही, असं तुमच्या ऑफिसातून सांगण्यात आलं. काम वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण झालं की त्याच दिवशी पैसे मिळतील. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम सुरू झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात जाईन. तुमचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी मी राहते तिथे, म्हणजे नागपुरातच दाखल करता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मला वेळच वेळ आहे, निवृत्त आहे.

चार दिवसांवर पोळा आहे, तेव्हा या आठवड्यात माणसं पाठवू नका. पुरण शिजत असताना ओट्यावर पाने-हातोडे चालायचे नाहीत. त्यानंतर कधीही या, आदल्या दिवशी फोन करून. डिझायनरही सोबत हवेत. त्यांनी येताना मोजायची टेप आणावी. मागच्या वेळी ते माझी घेऊन गेले, तीही परत हवी आहे.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)

सोबत: कोटेशन, मंजूर नकाशा व पावतीच्या प्रती, सात फोटो